नवा बोर्ड, जुनी पेटी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संगणक-प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि ज्यांनी नोंदणी करून सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदतवाढ घेतली त्या घरगुती ग्राहकांनाही ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच पुरणार आहे. विंडोज १० च्या जागी २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडीचा साधारण त्याच काळातला प्रोसेसर, टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा-यंत्रणा आणि यूईएफआय या नव्या धर्तीचे प्रारंभतंत्र अशा अटी घातल्या असून २०१७ पूर्वीच्या बहुतेक संगणकांना त्या पुऱ्या करता येत नाहीत. अशा वेळी ज्याच्या खिशाला परवडते तो नवा संगणक घेतो. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी मात्र पेटी, एसएमपीएस, हार्ड डिस्क, मॉनिटर आणि कीबोर्ड तेच ठेवून आतला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढेच बदलण्याकडे कल असतो, आणि या तीन वस्तूंच्या संचाला बाजारात ‘कॉम्बो’ म्हणतात. कॉम्बो बसवून बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा काळाच राहतो, किंवा तेवढेही होत नाही, ही तक्रार या धंद्यात नित्याची आहे.

आदिलाबादसारख्या ठिकाणी ही तक्रार अधिक महाग पडते, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. पैनगंगेच्या दक्षिणेस राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वसलेले हे शहर नागपूरपासून सुमारे २०० आणि हैदराबादपासून सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. रेल्वे येते ती मुदखेड-किनवटकडून आणि पुढे नागपूरच्या दिशेने जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर जैनद, बेला, तामसी या बाजूची मराठी वस्ती आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात राहिली. त्यामुळे येथे संगणकावर चालणारी कामे एकाच भाषेची नाहीत: दाखले आणि उतारे तेलुगूत निघतात, लग्नपत्रिका आणि हँडबिले तेलुगू, मराठी, उर्दू अशा तिन्ही लिप्यांत जुळवावी लागतात, आणि कापसाच्या हंगामात वजनकाट्याशेजारचा संगणक बंद ठेवून चालत नाही. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधल्या किंवा नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुरुस्तीवाल्याला शंका आली, तर तो शेजारच्या गाळ्यातून दुसरी रॅम, दुसरा प्रोसेसर, प्रसंगी दुसरा बोर्डही मागवून लावून पाहतो. ‘बदलून पाहणे’ ही पद्धत तेथे स्वस्त आहे, कारण सुटे भाग हाताच्या अंतरावर असतात. ज्या गावी त्याच पिढीचा दुसरा प्रोसेसर मिळण्यासाठी पार्सलची वाट पाहावी लागते, तेथे हीच पद्धत ग्राहकाचा आठवडा आणि पैसा दोन्ही खाते, आणि भाग मागवण्यापूर्वी निदान करणे हाच तेथे खरा किफायतीचा मार्ग उरतो.

निदानाची दिशा ठरवणारी एक गोष्ट अशी, की चालता चालता एखाद्या दिवशी बंद पडलेला जुना संगणक आणि बोर्ड बदलल्यानंतर न उठणारा संगणक या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पहिल्यात काहीतरी निकामी झालेले असते: फुगलेला कपॅसिटर, जळालेला एसएमपीएस, खराब झालेली डिस्क. १९९९ ते २००७ या काळात निकृष्ट विद्युत्-अपघटनी कपॅसिटरांमुळे जगभरचे लाखो बोर्ड असे निकामी झाले आणि ‘बोर्ड गेला’ हे निदान दुरुस्तीवाल्यांच्या जिभेवर बसले ते तेव्हापासून. दुसऱ्या अवस्थेत मात्र प्रत्येक भाग स्वतंत्रपणे धडधाकट असूनही जुन्या आणि नव्या भागांचा मेळ बसलेला नसतो. येथे रोगी शोधण्यापेक्षा सांधे तपासणे अधिक फलदायी ठरते, आणि ‘डेड’ म्हणून परत पाठवलेले कित्येक बोर्ड दुसऱ्या पेटीत निमूटपणे चालतात ते याचमुळे.

हे सांधे कोणत्या क्रमाने तपासायचे, हे संगणक उठण्याच्या क्रमावरून ठरते, आणि तो क्रम ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हापासून मूलतः फारसा बदललेला नाही. १९९५ साली इंटेलने मांडलेल्या एटीएक्स या मापदंडाने बोर्डाचा आकार, स्क्रूंच्या भोकांच्या जागा आणि वीजजोडणी निश्चित केली, आणि म्हणूनच तीस वर्षांनंतरही जुन्या पेटीत नवा बोर्ड बसू शकतो. या मापदंडानुसार भिंतीवरचे बटण चालू असताना एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टच्या घरगुती विजेपासून संगणकाला लागणारे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करणारी पेटीतली पेटी, जांभळ्या तारेतून ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह सतत बोर्डाला देत असते. संगणक बंद असूनही बोर्डावरचा छोटा दिवा जळतो तो त्यावर. पुढचे बटण दाबले की बोर्ड हिरव्या तारेचा दाब शून्यावर आणतो आणि ती खूण मानून एसएमपीएस पूर्ण चालू होतो. सर्व दाब स्थिर झाल्यावर, सेकंदाच्या काही दशांशांत, तो करड्या तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत पाठवतो, आणि त्यानंतरच प्रोसेसर जागा होऊन बोर्डावरच्या फ्लॅश चिपमधली पहिली आज्ञा वाचतो. या चिपमधल्या आज्ञावलीला पूर्वी बायॉस म्हणत. आता ती यूईएफआय प्रकारची असली तरी दुकानात नाव जुनेच चालते. ती प्रोसेसर, रॅम आणि चित्रयंत्रणा यांची प्राथमिक तपासणी करते, पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटवते, आणि मग डिस्कवरची प्रणाली शोधून तिच्या हाती कारभार सोपवते. संगणक या साखळीत नेमका कोठे थांबला, एवढे ठरवले की तपासणीचे क्षेत्र एकदम आकुंचित होते.

बटण दाबूनही काहीच हालचाल होत नसेल, तर प्रश्न प्रोसेसरपर्यंत पोहोचलेलाच नसतो आणि त्या वेळी रॅम काढून लावण्यात अर्थ नाही. बोर्डावरचा दिवा जळत नसेल तर भिंत, केबल, एसएमपीएसच्या मागचे बटण आणि २४ पिनांची मुख्य जोडणी एवढेच पाहायचे असते. दिवा जळत असेल तर संशय पुढच्या बटणाच्या दोन तारांवर घ्यावा, कारण प्रत्येक बोर्डावर त्या खोचण्याची जागा वेगळी असते आणि जुन्या बोर्डाच्या सवयीने त्या शेजारच्या पिनांवर जातात. बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिनांना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडून संगणक चालू झाला, तर दोष बटणाचा किंवा त्याच्या तारांचा ठरतो. एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासायचा असल्यास तो बोर्डापासून सोडवून २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी तार काळीशी जोडतात. पंखा फिरला म्हणजे तो निर्दोष आहे असे मात्र नव्हे, कारण १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ या मर्यादेत आहे की नाही हे मल्टिमीटरशिवाय कळत नाही. एसएमपीएसचे झाकण उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आतल्या कपॅसिटरात ३०० व्होल्टहून अधिक दाब वीज काढल्यावरही काही काळ टिकून राहतो.

याच टप्प्यावरचा एक सांधा डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून सर्वांत जास्त फसवतो. पेटीच्या पत्र्यावर बोर्ड थेट टेकू नये म्हणून त्याखाली पितळी खुंट्या बसवलेल्या असतात. पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब आणि २४४ मिलिमीटर रुंद असतो, तर आज कॉम्बोत येणारे बहुतेक बोर्ड मायक्रो-एटीएक्स वर्गातले, जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर लांबी-रुंदीचे आणि बऱ्याचदा त्याहूनही अरुंद असतात, त्यामुळे जुन्या बोर्डासाठी लावलेली एखादी खुंटी नव्या बोर्डाच्या भोकाखाली न येता त्याच्या पाठीवरच्या डाखांना टेकते. परिणामी एकतर संरक्षणासाठी एसएमपीएस क्षणात बंद पडतो, किंवा पंखा एकदा गिरकी घेऊन थांबतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे बोर्ड पेटीबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवणे आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर एवढ्यावरच तो चालवून पाहणे. तेथे तो चालला तर दोष पेटीत आहे हे निर्विवाद ठरते. या चाचणीला सुटा भाग लागत नाही, खर्च येत नाही, आणि तरीही ती फार थोड्या ठिकाणी केली जाते, कारण बांधलेला संगणक पुन्हा सोडण्याचा कंटाळा हा या व्यवसायातला एक न सांगितलेला घटक आहे.

पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, हा दुसरा टप्पा सर्वांत गुंतागुंतीचा आहे. येथे पहिला संशय प्रोसेसरच्या स्वतंत्र वीजजोडणीवर घ्यावा. २००० साली पेंटियम ४ च्या निमित्ताने १२ व्होल्टची चार पिनांची वेगळी जोडणी आली, पुढे ती आठ पिनांची झाली. ती विसरली तर पंखे, दिवे सर्व चालते आणि प्रोसेसर मात्र उपाशी राहतो. जुन्या एसएमपीएसला चारच पिना असतील आणि बोर्डाला आठ लागत असतील, तर साधे प्रोसेसर बऱ्याचदा चालून जातात, मात्र अधिक वीज ओढणाऱ्या प्रोसेसरसाठी तो एसएमपीएस बदलणेच शहाणपणाचे असते.

त्यानंतर प्रोसेसर आणि बोर्ड यांची ओळख आहे की नाही हे पाहावे लागते. सॉकेटमध्ये प्रोसेसर बसला म्हणजे तो चालेल, हा समज इंटेल आणि एएमडी या दोघांनीही वेगवेगळ्या प्रकारे खोटा ठरवला आहे. इंटेलने २०१७ मध्ये आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले तेव्हा सॉकेट एलजीए ११५१ हेच ठेवले, पण विजेच्या पिनांची मांडणी बदलली, त्यामुळे ते १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर चालत नाहीत, त्यांना ३०० मालिका लागते. एएमडीने २०१६ पासून एएम४ हे एकच सॉकेट अनेक पिढ्या चालवले, आणि त्यातून वेगळीच पंचाईत झाली: २०१८ च्या आरंभी नवे रायझन प्रोसेसर आले तेव्हा दुकानांतल्या बोर्डांवरची बायॉस त्यांच्या जन्माआधीची होती, बायॉस अद्ययावत करायला चालू संगणक लागे, आणि संगणक चालू व्हायला अद्ययावत बायॉस लागे. शेवटी एएमडीला ग्राहकांना तात्पुरता जुना प्रोसेसर उसना पाठवण्याची योजना काढावी लागली. पुढे काही बोर्डांवर १६ मेगाबाइटच्या फ्लॅश चिपमध्ये सर्व पिढ्यांची माहिती मावेना, म्हणून नव्यांना जागा करताना जुन्यांचा पाठिंबा काढला गेला, म्हणजे बायॉस ‘अपडेट’ केल्यावर जुना प्रोसेसर बंद पडण्याचीही सोय झाली. आज अनेक बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायॉस भरण्याचे बटण असते. ज्या गावी उसना प्रोसेसर मिळत नाही तेथे कॉम्बो निवडताना दिव्यांच्या रोषणाईपेक्षा हे बटण अधिक मोलाचे आहे.

सॉकेटच्या पिनांचाही येथेच विचार करावा लागतो. २००४ साली एलजीए ७७५ पासून इंटेलने पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डाच्या सॉकेटमध्ये आणल्या. एलजीए १७०० या नावातला आकडा म्हणजे तेवढे केसासारखे संपर्कबिंदू. त्यांपैकी एक वाकला तरी रॅमची एक वाहिनी किंवा सगळा संगणक बंद राहू शकतो, आणि म्हणून बोर्ड हाती घेताच, प्रोसेसर बसवण्यापूर्वी, मोबाइलच्या उजेडात सॉकेट तिरके धरून सर्व पिना एका रांगेत चमकतात की नाही हे विक्रेत्यासमोर पाहून घ्यावे, कारण वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही.

रॅमबाबत आपल्याकडे खोडरबराचा उपाय सर्वश्रुत आहे: पट्टी काढायची, सोनेरी पाय घासायचे, पुन्हा लावायची. जुन्या, ओल धरलेल्या रॅमवर याचा उपयोग होतो हे खरे, पण बहुतेक वेळा गुण येतो तो घासण्याने नव्हे तर काढून नीट बसवण्याने, आणि नव्या रॅमवर रबर चालवणे म्हणजे सोन्याचा पातळ मुलामा विनाकारण झिजवणे होय. खरा तपास वेगळा आहे. डीडीआर३ ला २४० आणि डीडीआर४ ला २८८ पिना असतात. डीडीआर५ लाही २८८ च असल्या तरी तिची खाच वेगळ्या जागी असल्याने ती डीडीआर४ च्या खोबणीत जात नाही आणि तसा जोर करू नये. एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा जुनी रॅम वापरायची असेल तर ते खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. चार खोबण्यांच्या बोर्डावर दोन पट्ट्या सामान्यतः प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत बसतात. डीडीआर५ चे बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमच्या तारांचे ताळमेळ स्वतः जुळवून घेतात, आणि विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डांवर त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. पडदा तोवर काळाच असतो आणि त्या अवधीत घाबरून वीज काढली की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या एका कारणाने निर्दोष बोर्ड परत पाठवले गेले असतील तर त्यात नवल नाही.

रॅम आणि प्रोसेसर दोन्ही ठीक असून केवळ चित्र न उमटण्याची कारणे तर हमखास जुन्या-नव्याच्या सांध्यात असतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकापुढे ‘एफ’ असतो त्यांत चित्रयंत्रणा नसते, आणि एएमडीच्या ७००० मालिकेपूर्वीच्या रायझनमध्ये ती प्रामुख्याने ‘जी’ अक्षरवाल्यांनाच असते. अशा प्रोसेसरबरोबर मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टात लावली तर पडदा कायम काळा राहणार. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची असते. कार्ड २०१२ पूर्वीच्या सुमाराचे असेल तर नव्या यूईएफआयला समजणारी चित्र-आज्ञावली त्यात बहुधा नसते, आणि बोर्डावर जुन्या पद्धतीशी जुळवून घेणारी सीएसएम ही सोय बंद असली की ते कार्ड मुके होते. जुन्या व्हीजीए मॉनिटरला एचडीएमआयवरून जोडायचे असल्यास केवळ टोके बदलणारी वायर चालत नाही, संकेत रूपांतरित करणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो.

एवढ्यावरही उलगडा न झाल्यास बोर्ड स्वतः काय सांगतो ते ऐकावे. अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात आणि तपासणी जेथे अडली तेथला दिवा पेटून राहतो. दिवे नसतील तर दोन तारांचा छोटा स्पीकर लावावा. शिट्यांचे अर्थ कंपनीनुसार बदलतात, पण रॅम काढून चालू केल्यावर बोर्ड शिट्या देऊ लागला, तर निदान प्रोसेसर जिवंत आहे एवढे सिद्ध होते. शेवटी सेल काढून बायॉसच्या नोंदी मूळपदावर आणण्याचा उपाय उरतो. सीआर२०३२ या सेलच्या नावातच त्याचे माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी; वीज पूर्ण काढून, सेल काही मिनिटे बाहेर ठेवून किंवा त्यासाठी दिलेल्या दोन पिना जोडून हे करतात, आणि आधीच्या ग्राहकाने किंवा दुकानदाराने केलेल्या चुकीच्या नोंदी त्याने पुसल्या जातात.

संगणक उठतो, बायॉसही दिसते, आणि काही सेकंदांत बंद पडतो, अशा वेळी प्रोसेसरवरच्या उष्णतावाहक पेस्टकडे आणि पंख्याच्या तळाला चिकटलेल्या, न काढलेल्या पारदर्शक फितीकडे पाहावे. आदिलाबादला उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि खोलीतला प्रत्येक वाढीव अंश त्या मर्यादेतून वजा होतो, त्यामुळे जानेवारीत खपून गेलेली ढिली बसणी मे महिन्यात उघडी पडते. जिनिंगच्या परिसरात कापसाचा तंतू पंख्याच्या पात्यांवर आणि एसएमपीएसच्या जाळीवर नमद्यासारखा बसतो. बोर्ड नवा असला तरी पेटी आणि एसएमपीएस जुनेच असल्याने तो तंतू नव्या संसारातही हजर असतो.

येथे अर्थिंगचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडणे भाग आहे. एसएमपीएसच्या प्रवेशद्वाराशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पेटीच्या पत्र्याकडे जाणारे दोन समान कपॅसिटर असतात, आणि अर्थिंग तुटलेले असल्यास ते २३० व्होल्ट निम्मे विभागून पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट उभे करतात. प्रवाह अत्यल्प असल्याने माणसाला केवळ झिणझिण्या येतात व टेस्टर मंद पेटतो, आणि ‘नवा बोर्ड शॉक मारतो’ असा निष्कर्ष काढला जातो. बोर्डाचा त्यात दोष नसतो. पण अशा पेटीतून अर्थिंग असलेल्या दुसऱ्या उपकरणाला केबल जोडताना पोर्ट जळू शकतो. स्थिर विजेपासून बोर्ड वाचवण्यासाठी पेटीच्या पत्र्याला हात लावावा हा नेहमीचा सल्लाही अर्थिंग असेल तरच उपयोगी पडतो. माणसाला स्थिर विजेचा चटका साधारण ३,००० व्होल्टला जाणवतो, तर काही चिपा १०० व्होल्टच्या आतही दुखावतात, म्हणून कोरड्या हवेत, टेरिकॉटच्या सदऱ्यात आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बोर्ड हाताळणाऱ्याला आपण काय केले ते कळतही नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगसाठी केलेल्या मीठ-कोळशाच्या खड्ड्याचा रोध वाढतो; खड्ड्यात नियमाने पाणी घालणे हा संगणकाच्या देखभालीचा भाग आहे, हे कोणत्याही बोर्डाच्या पुस्तिकेत सापडत नाही.

पडद्यावर चिन्ह उमटले, बायॉस उघडली, डिस्कही दिसली, पण विंडोज सुरू होत नाही, हा तिसरा टप्पा यंत्राचा नसून माहितीचा आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत धोक्याचा. २०१२ पूर्वीच्या बहुतेक संगणकांवर प्रणाली एमबीआर या जुन्या पद्धतीने, म्हणजे डिस्कच्या पहिल्याच कप्प्यात प्रारंभाची माहिती ठेवून बसवलेली असे. यूईएफआय मात्र जीपीटी या नव्या मांडणीत वेगळा विभाग शोधते आणि तो न सापडल्यास डिस्क असूनही ‘बूट करण्याजोगे साधन नाही’ असे कळवते. बोर्डावर सीएसएम असेल तर ते चालू करून जुनी प्रणाली तात्पुरती उठवता येते. मात्र इंटेलच्या अलीकडच्या, प्रोसेसरमधल्याच चित्रयंत्रणेवर चालणाऱ्या बोर्डांवर ते बऱ्याचदा मिळत नाही. २०१७ पासून विंडोज १० मध्ये एमबीआरचे जीपीटीत रूपांतर करणारे साधन आले आहे, पण ते वापरण्यापूर्वी डिस्कची प्रत काढलीच पाहिजे. निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसल्यास बायॉसमध्ये डिस्कची पद्धत जुन्या बोर्डावर होती तीच आहे का ते पाहावे. आयडीई, एएचसीआय आणि रेड यांतला बदल हे त्याचे नेहमीचे कारण. दोष यंत्रात की प्रणालीत हे निर्णायकपणे ठरवायचे असल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे: ते प्रत्येक वेळी समोरच्या यंत्राची नव्याने ओळख करून घेत असल्यामुळे, तेथे सर्व काही चालले तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम निर्दोष ठरतात.

या टप्प्यावर दुकानात सर्वांत सहज उच्चारला जाणारा शब्द म्हणजे ‘फॉर्मॅट’, आणि तोच सर्वांत शेवटी उच्चारला जावा. डीटीपीच्या दुकानातली पंधरा वर्षांची पत्रिकांची जुळणी, मी-सेवा या शासकीय सेवा-केंद्रातले स्कॅन, एखाद्या शिक्षकाने जमवलेली कोलामी गाणी यांना दुसरी प्रत नसते. याच जिल्ह्यातल्या नारनूर मंडलातल्या गुंजाळ्यात सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये दाखल झाली आणि संगणकावर लिहिण्याजोगी झाली. अशा लिपीत टंकलेला मजकूर जेथे एका डिस्कवरच असेल, तेथे ‘फॉर्मॅट मारतो’ म्हणणाऱ्याला थांबवणे हे ग्राहकाचे कर्तव्य ठरते.

प्रणाली उठूनही काम सुरू न होण्याचे प्रकार बाजारपेठेच्या गावात विशेष आढळतात. वजनकाट्याचा दर्शक संगणकाशी नऊ पिनांच्या सिरियल पोर्टाने बोलतो, पावती डॉट-मॅट्रिक्स छपाईयंत्रावर पॅरलल पोर्टाने निघते, आणि भारतीय भाषांच्या अक्षरजुळणीच्या अनेक जुन्या पॅकेजांना त्याच पॅरलल पोर्टावर बसणारे कुलूप असे. नव्या बोर्डाच्या पाठीवर हे दोन्ही पोर्ट बहुधा नसतात. सिरियल पोर्टासाठी काही बोर्डांवर आत पिना दिलेल्या असतात आणि कंसाची पट्टी लावून तो बाहेर आणता येतो. यूएसबी कन्व्हर्टर वापरल्यास पोर्टाचा क्रमांक बदलतो आणि आज्ञावलीत तो दुरुस्त करावा लागतो. पॅरलल कुलूप मात्र यूएसबी कन्व्हर्टरवर सहसा उघडत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ ते १२ टक्के आर्द्रतेवरून आधीच वाद असतात. त्यात हंगामाच्या मध्यावर काटा वाचणारा संगणक बदलण्याचा धाडसी निर्णय कोणी घेऊ नये. अशा कामाच्या संगणकाचा बोर्ड न बदलता तो इंटरनेटपासून तोडून आहे तसा ठेवणे आणि बाकी कामासाठी दुसरा घेणे हेच बरे.

विंडोजचा परवानाही बोर्डाशी बांधलेला असतो: संगणकासोबत आलेला ओईएम परवाना पहिल्या बोर्डाबरोबरच संपतो, स्वतंत्र विकत घेतलेला नव्या बोर्डावर नेता येतो, आणि त्यासाठी बोर्ड बदलण्यापूर्वी तो मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवलेला असावा. याहून गंभीर गोष्ट बिटलॉकरची आहे. हे तंत्र डिस्कवरचा सर्व मजकूर कूटबद्ध करते आणि त्याची किल्ली टीपीएममध्ये ठेवते. बोर्ड बदलला की टीपीएम बदलते, आणि डिस्क ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागते. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने बसवलेल्या अनेक संगणकांवर ही कूटबद्धता आपोआप चालू होते, म्हणजे ती चालू आहे हे मालकाला ठाऊकही नसते. ही किल्ली हाती नसेल तर कोणताही दुरुस्तीवाला, कोणतेही शहर आणि खुद्द मायक्रोसॉफ्टही तो मजकूर परत देऊ शकत नाही. म्हणून जुना बोर्ड जोवर चालू आहे तोवरच, पेटीचा पहिला स्क्रू काढण्यापूर्वी, बिटलॉकर बंद करावे किंवा त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, आणि डिस्कची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती दुकानात न देता घरी ठेवावी.